लोलक नसलेली घंटा

वॉरापूक
रविवार, २० एप्रिल १९५८

प्रिय हर्ब,

आधी बहिणीचं भांडण उरकते, मग बातमी सांगते. तू गेल्यापासून मी तुला किती पत्रं घातली ते मोजलेलं नाही, पण एकही परत आलेलं नाही, म्हणजे तिकडे क्वीन्सलँडात कुणीतरी ती घेतंय. पोस्टमनच घेत असेल तर त्याला माझा नमस्कार सांग, आणि पुढचं त्यानेही नीट वाचावं.

बातमी अशी की फुटबॉल क्लबची घंटा आता माझ्याकडे आली आहे.

हस पाहिजे तेवढं. तुझ्यानंतर दोन हंगाम बर्ट खाटकाने कसेबसे काढले, पण यंदा त्याच्या कानांनीच राजीनामा दिला. मार्चच्या सभेत अध्यक्षांनी विचारलं, "घड्याळ आणि घंटा कोण घेतंय?" अध्यक्ष म्हणजे माझा नवरा क्लेम, अजूनही तोच. सगळे पुरुष आपापल्या बुटांकडे बघायला लागले. तुझं जे झालं त्यानंतर त्या घंटेला हात लावायला कुणी धजत नाही. मी मागे उभी राहून चहा ओतत होते. म्हटलं, "मी घेते." क्लेमच्या घशात बिस्किट अडकलं.

"तू? बाईमाणूस त्या खोलीत चढणार?"

"रोज पहाटे तुला उठवतं कोण?" मी म्हटलं. "कोंबडा तर तूच कापून खाल्लास."

हॉलमध्ये हशा पिकला आणि त्या हशातच ठराव पास झाला.

काल पहिला सामना. शिडी चढून त्या पत्र्याच्या खोलीत गेले, चष्मा पुसला, पहिला भाग संपला तशी ऐटीत दोरी ओढली. घंटा नुसतीच डोलली. आवाज नाही. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. खाली वाकून आत बघते तर लोलकच नाही! खालून बर्ट ओरडतोय, "डल्सी, बडव! बडव! मी पान्याने बडवायचो!"

"लोलक कुठे गेला?"

"तो हर्बबरोबर गेला ना!"

दोन वर्षं मी चहाच्या खोलीत कप विसळत होते, मला कोण सांगणार? हर्ब, रागाच्या भरात घर सोडलंस, गाव सोडलंस, तेवढं मला कळतं. पण घंटेचा लोलक खिशात घालून देशाच्या दुसऱ्या टोकाला जायचं? उसाच्या शेतात त्याचं करतोस तरी काय? तिकडे तर म्हणे फुटबॉल म्हणून चेंडू मागे फेकत पळतात. त्या खेळाला घंटा तरी कशाला लागते?

उरलेले तीन भाग मी आपल्या शेडमधल्या नांगराच्या हातोड्याने वाजवले. हात भरून आला आहे, म्हणून अक्षर असं. सामना आपण जिंकलो.

तुझी
डल्सी


वॉरापूक
रविवार, ८ जून १९५८

प्रिय हर्ब,

काल टेनमाईलचा संघ आला होता. म्हणजे मी आणि लिंडसे हॅनफर्ड त्या खुराड्यात गुडघ्याला गुडघा लावून. दोन्ही गावांचं एकेक माणूस, दोघांच्या हातात घड्याळ, आणि दोघांचं जुळलं तरच घंटा. हा नियम ज्याने केला त्याला लिंडसेशेजारी बसावं लागलं नसणार. तू वीस वर्षं बसलास. तू संत होतास हे मला काल कळलं.

तो स्वतःची उशी आणतो, स्वतःचा थर्मास आणतो आणि हवेपाण्याशिवाय अक्षर बोलत नाही. पहिल्या भागात तो म्हणाला, वारा उत्तरेचा आहे. दुसऱ्या भागातही तेच म्हणाला. तिसऱ्या भागात मी सरळ विचारलं, "लिंडसे, त्या दिवशी आमच्या हर्बने घंटा वेळेवर दिली होती की नाही?"

त्याने थर्मासच्या झाकणात चहा ओतला, फुंकला, प्यायला. "डल्सी, त्या सालचं विजेत्याचं निशाण आमच्या हॉलमध्ये लागलंय. मी कशाला तोंड उघडू?"

"म्हणजे दिली होती."

"म्हणजे वारा उत्तरेचा आहे."

आता ते सगळं एकदा लिहूनच काढते, कारण या घरात ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी कधी बोललेलं नाही. पंचावन्न सालचा अंतिम सामना, याच मैदानावर, समोर टेनमाईल. शेवटच्या क्षणी आपण गोल मारून पुढे गेलो. कुंपणाला नाक लावून उभ्या असलेल्या आपल्या झाडून सगळ्या गाड्यांनी हॉर्न दाबले, जसे प्रत्येक गोलाला दाबतात. त्यात क्लेमच्या ट्रकचा तो भोंगा, बंदरावर जुन्या बोटीच्या भंगारातून आणलेला, ज्याने मेंढ्या बिथरतात. त्या गदारोळात वेळ संपली आणि तू घंटा दिलीस. पण आपल्याकडे खेळ घंटा वाजली की संपत नाही, पंचाला ती ऐकू आली की संपतो. पंचाला काही ऐकू आलं नाही. त्याने खेळ पुन्हा सुरू करायला मधोमध चेंडू आपटला, टेनमाईलच्या पोरांनी तो उचलला आणि थेट गोल. आपले हॉर्न घशातच बसले. मग त्या शांततेत साऱ्या गावाला घंटा ऐकू आली, आणि गावाला वाटलं, हर्बने आत्ता कुठे वाजवायला घेतली.

शिवाय लिंडसेची बहीण व्हीडा टेनमाईलची, आणि तू दर रविवारी तिच्या हातचा केक खायला जाणारा. झालं. लोकांना गोष्ट जुळवायला आणखी काय लागतं? हर्ब मुद्दाम थांबला, बाईच्या गावासाठी थांबला. आणि क्लेमने अध्यक्ष म्हणून सगळ्यांदेखत तुझ्या हातातून घड्याळ काढून घेतलं. मी तेव्हाही ओरडून सांगितलं होतं की माझा भाऊ खोटं बोलत नाही. पण ते पडलं बहिणीचं बोलणं, त्याला कोण विचारतो. जाताना तू म्हणालास, अशा माणसाच्या घरात राहतेस कशी? राहिले नसते रे, पण गाईंची धार कुणी काढली असती?

तेव्हा मला काय हवंय ते सांगते, आडपडदा न ठेवता. मला निशाण नको. मला तू परत हवा आहेस. आणि तू काही मी बोलावल्याने येणार नाहीस, हेही मला ठाऊक आहे. हेच गाव जेव्हा म्हणेल की हर्बने घंटा वेळेवर दिली होती, तेव्हाच तू पेटी भरशील. म्हणून मी हातोडा घेऊन शिडी चढते, नाहीतर माझ्या गुडघ्यांना काय हौस आली आहे?

सामना संपल्यावर व्हीडा कुंपणापाशी आली. क्विन्सच्या मुरंब्याची बाटली हातात दिली आणि विचारलं, "तुमच्या हर्बला तिकडचा उकाडा सोसतो का?"

"मला काय माहीत. तो मला लिहीत नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी एका संघातल्या असल्यासारख्या थोडा वेळ उभ्या राहिलो. मुरंबा फार चांगला झालाय. अर्धा संपवला.

सामना आपण हरलो. क्लेम चहा न पिता झोपला.

तुझी
डल्सी


वॉरापूक
रविवार, २० जुलै १९५८

प्रिय हर्ब,

इकडे असं दंव पडतंय की सकाळी मैदान पांढरं असतं आणि दुपारी चिखल. पोरं घरी येतात ती ओळखू येत नाहीत, आणि त्यांच्या आया आधी त्यांना अंगणात पाइपने धुतात. पण सलग पाच सामने जिंकलोय. केल्विन ट्रेगर आठवतो का? लोकर कातरणाऱ्या ट्रेगरचा थोरला, तुझ्या वेळी शाळेत होता. आता ताडमाड झालाय आणि पुढे गोलापाशी उभा राहतो. दुरून मारतो आणि मारल्यावर बघतसुद्धा नाही, वळून चालायला लागतो. गावातल्या निम्म्या पोरी त्याच्यासाठी वेड्या झाल्यात आणि उरलेल्या निम्म्या खोटं बोलतात.

मी पेपरात आले! तालुक्याच्या पेपरचा फोटोवाला आला होता. केल्विनचा फोटो घ्यायला आला, तो चिखलाने माखलेला, मग त्याला वर मी दिसले. हातोडा उगारलेला, टोपी कानावर आलेली, तोंड उघडं. शेतातलं बुजगावणं परवडलं. खाली छापलंय, 'वॉरापूकच्या घंटेमागचा हात.' हात कसला, नुसता जबडा दिसतोय. मी म्हटलं, अंक जपून ठेवू, नाही म्हटलं तरी जन्मात एकदाच. तर सकाळी क्लेमने त्याच पानाने चूल पेटवली. म्हणाला, पाहिलं नाही. मला काही वाईट वाटलं नाही. बुजगावण्याचा फोटो कोण ठेवतं?

क्लेमचं सांगते. तो तुझं नाव काढत नाही. टेबलावर तुला लिहिलेलं पत्र पडलेलं असलं तर त्याला वळसा घालून मीठदाणी उचलतो. पण तिकिटं तोच आणतो, आणि गावात जाताना पत्र तोच नेतो. पत्ता दिसू नये म्हणून पालथं धरतो. काल मी म्हटलं, "सरळ धर की, ते काय चावतंय?" तर म्हणाला, "डल्सी, मी पत्र टाकतोय ना? मग." या 'मग'च्या पुढे तो गेली जवळजवळ तीन वर्षं गेलेला नाही.

तू मात्र त्याच्याही वरताण आहेस. त्याने निदान 'मग' तरी म्हटलं.

तुझी
डल्सी


वॉरापूक
रविवार, ७ सप्टेंबर १९५८

प्रिय हर्ब,

आपण अंतिम सामन्यात गेलो. वीस तारखेला, आपल्याच मैदानावर. समोर कोण, ते तुला सांगायला नको.

गावाला वेड लागलंय. बेकरीवाल्याने पावाला आपले रंग दिलेत, हिरवा आणि सोनेरी, आणि लोक तो पाव खातायतही. युद्धाच्या आधीपासून निशाण आलेलं नाही, त्यामुळे म्हातारे आत्तापासून रडायला लागलेत.

आणि मी? माझी झोप उडाली आहे. तीच दोन गावं, तेच मैदान, तीच घंटा, तीही आता बिनलोलकाची, आणि तेच हॉर्न. म्हणून परवा दोन्ही गावांच्या लोकांची बैठक होती तिथे मी उठून म्हटलं, की शेवटच्या भागात हॉर्न बंद ठेवा. पंचाला घंटा ऐकू आली पाहिजे.

मग असा हशा की खिडक्या हादरल्या.

टेनमाईलचा अध्यक्ष डोळे पुसत म्हणाला, "अहो बाई, हॉर्न नाही तर गोल झाला हे कळणार कसं?"

"डोळ्यांनी," मी म्हटलं.

"गाडीतून काय दिसतंय!" आपलाच बर्ट म्हणाला. "पुढच्याचा हॉर्न वाजला की मी माझा दाबतो."

क्लेमकडे बघितलं. तो टोपीचा काठ बोटाने फिरवत बसला होता. त्याचा तो भोंगा आहे ना, वर्षातून दोनदा तेल पाजतो त्याला. ठराव पडला. माझ्या बाजूने दोनच हात वर, एक माझा आणि एक, तुला खरं वाटणार नाही, लिंडसे हॅनफर्डचा. बाहेर पडताना विचारलं, "तू कसा काय?" तर म्हणाला, "माझं डोकं दुखतं."

हर्ब, वीस तारखेला ये. गाडी शुक्रवारी पोचते. वर खोलीत तिसऱ्या माणसाला जागा नाही, पण लिंडसेची उशी आपण बाहेर फेकू. नाही आलास तरी मी समजेन. रागावेन, पण समजेन.

तुझी
डल्सी


वॉरापूक
रविवार, २१ सप्टेंबर १९५८

प्रिय हर्ब,

तू आला नाहीस. शुक्रवारी मी स्टेशनवर गेले होते, दुधाचे कॅन बघायला म्हणून.

आता नीट बस आणि सगळं वाच.

सकाळपासून गाड्या. अकराच्या सुमारास मैदानाभोवती सुई शिरायला जागा नव्हती. आपले लोक हॉलच्या बाजूला, टेनमाईलचे समोर झाडांखाली. क्लेमचा ट्रक नेहमीच्या जागी. तीन भाग असे घासून झाले की मला लिंडसेच्या थर्मासमधला चहा प्यावा लागला. चौथ्या भागात शेवटी शेवटी आपण दोन गुणांनी पुढे होतो. माझ्या घड्याळात वेळ संपत आलेली. मनात म्हटलं, देवा, असंच राहू दे, मला घंटा देऊन खाली उतरू दे.

तेवढ्यात टेनमाईलने गोल मारला. गोलाचे सहा गुण त्यांचे, म्हणजे ते चारांनी पुढे. समोरच्या झाडांखालून जे हॉर्न सुरू झाले, ते एकाने सोडला की दुसऱ्याने धरायचा, थांबेचनात. मी घड्याळाकडे बघितलं. लिंडसेने स्वतःच्या घड्याळाकडे बघितलं. मग आम्ही एकमेकांकडे बघितलं. वेळ संपली होती, हर्ब. दोघांनी मान हलवली आणि मी हातोडा घातला.

काही नाही. हातोडा घंटेवर पडतोय हे मला मनगटात कळत होतं, कानात नव्हे. मी बडवत होते आणि खाली मिस्टर लिजेट, म्हणजे पंच, शांतपणे चेंडू घेऊन मधोमध चालले होते. लिंडसे उठला. त्याचं गाव पुढे होतं ना, आता घंटा ऐकू जायला हवी होती ती त्याला! त्याने थर्मास घेतला आणि माझ्या हातोड्याबरोबर तोही घंटेवर हाणायला लागला. आतली काच फुटली, चहा त्याच्या बाहीतून कोपरापर्यंत गेला. "थांबा!" तो ओरडत होता, आपल्याच लोकांना. "अरे गाढवांनो, हॉर्न थांबवा!" त्यांनी वर बघितलं आणि आनंदाने हात हलवले. त्यांना वाटलं, लिंडसे नाचतोय.

लिजेटनी चेंडू आपटला. आपल्या पोराने तो उचलला, लांब टोलावला, आणि तिकडे केल्विन चारजणांच्या खांद्यावरून उडाला आणि हवेतच झेलला. पावलं टाकली, मारला, वळला, चालायला लागला.

गोल. आपण दोन गुणांनी पुढे. टेनमाईलचे हॉर्न एकदम मेले, आणि आपले सुरू व्हायच्या आधी जी एक फट असते ना, त्या फटीत घंटा ऐकू आली. सगळं मैदान वळून माझ्याकडे बघायला लागलं. मी तिथे हातोडा घेऊन उभी. लिजेटनी चेंडू डोक्यावर धरला. खेळ संपला. निशाण आपलं.

हर्ब, त्या क्षणी त्या हजार माणसांचे डोळे माझ्यावर होते तेव्हा मला तू दिसलास. तुला कसं वाटलं असेल ते आधी समजत होतं, काल ते अंगातून गेलं. मी हातोडा खाली ठेवायला गेले तर बोटं उघडेनात.

हॉलमध्ये राडा. टेनमाईलचा अध्यक्ष चहाच्या टेबलावर मूठ आपटून ओरडत होता, "मुद्दाम थांबली! गोल होईपर्यंत थांबली! भावाचीच बहीण ही!" मी मोठी किटली घेऊन उभी होते. मला तोंड उघडायची गरजच पडली नाही. क्लेम बाकावर चढला. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघेदुखीचा, सरळ बाकावर.

"माझी बायको खोटेपणा करत नाही!" असा ओरडला की मागची पोरं गप्प झाली. "तिने वेळेवर घंटा दिली! तुमच्या हॉर्नमुळे पंचाला ऐकू गेली नाही! हॉर्न चालू असताना ती घंटा कुणाच्या बापाला ऐकू जात नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे!"

आपल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. "बरोबर! बरोबर!"

बावीस वर्षांत तो माझ्यासाठी असा बाकावर चढला नव्हता. मला भरून आलं होतं, खरंच. गप्प राहिले असते तर निशाण भिंतीवर लागलं असतं, क्लेम माझा हात धरून घरी आला असता, आणि सगळे सुखी. पण मग तू कधीच आला नसतास. मी किटली खाली ठेवली.

"क्लेम," मी म्हटलं, "हेच हर्ब म्हणाला होता. शब्द न् शब्द हेच. तेव्हा तू काय म्हणालास?"

टाळ्या थांबल्या. क्लेम बाकावरच उभा. बर्टने खाली मान घातली. सगळ्यांनाच कळत होतं, हर्ब: निशाण घरात ठेवायचं तर घंटा वेळेवर झाली हे म्हणायलाच हवं, आणि ते म्हटलं की तुझ्यावर ठेवलेला आळ आपोआप गळून पडतो. नुसतं निशाण तेवढं घ्यायचं आणि हर्बला तसंच ठेवायचं, हे आता जमणार नव्हतं.

मग लिंडसे पुढे आला. बाही अजून ओली. "मी दोन्ही वेळा वर होतो," तो म्हणाला. "आज डल्सीने वेळेवर दिली. माझ्या घड्याळाने. आणि त्या दिवशी हर्बनेही वेळेवर दिली होती. दोन्ही हातांनी दोरी ओढत होता बिचारा. मी बोट उचललं नाही, कारण हॉर्न तुमचे होते आणि फायदा आमचा." मग आपल्या अध्यक्षाकडे वळून म्हणाला, "घंटा खरी मानली तर तेव्हाचं निशाण त्यांचं, आजचं आपलं. पंच खरा मानला तर तेव्हाचं आपलं, आजचं त्यांचं. कसंही धरलंस तरी एकेकच. बस आता खाली, आणि केक खा."

इतकं बोललेला लिंडसे हॅनफर्ड टेनमाईलमध्येही कुणी पाहिलेला नसणार. व्हीडा दाराशी उभी होती. तिने तिथेच रुमाल काढला, कुणाची पर्वा न करता.

मिस्टर लिजेट म्हणाले की निकाल राहील, आणि आता कृपा करून त्यांना कुणी एक मीट-पाय देईल का. खिम्याची पेस्ट्री, वर सॉस घालून. दोन खाल्ले.

क्लेम केव्हा बाहेर गेला मला कळलं नाही. घरी आले तर शेडमधून ठोकाठोकी ऐकू येत होती. मी गेले नाही. आज सकाळी न्याहारीला तो बसला, माझ्या हातातलं हे पत्र बघितलं, मीठदाणीला हात लावला नाही आणि म्हणाला, "खाली जागा सोड." म्हणून सोडते आहे.

तुझी
डल्सी

हर्ब,
भोंगा माझा होता. काढून टाकला. एप्रिलमध्ये पहिला सामना आहे. तुझं घड्याळ माझ्याकडे आहे ते घेऊन जा.
क्लेम


वॉरापूक
रविवार, ९ नोव्हेंबर १९५८

प्रिय हर्ब,

तुझं पार्सल परवा पोचलं. पोस्टातल्या मुलीने दोन्ही हातांनी उचलून दिलं आणि विचारलं, आत काय आहे, पहार? मी म्हटलं, हो, भावाचं डोकं.

चिठ्ठी नाही हे बघून मी आधी सगळा कागद उलटापालटा केला, मग तुला एक शिवी दिली, मग लोलक हातात घेतला. गंजाचा ठिपका नाही. तिकडच्या त्या दमट हवेत तीन वर्षं लोखंड असं राहत नाही, कुणी तेल दिल्याशिवाय.

क्लेमने काल शिडी चढून तो बसवला. गहू कापायला आलाय, यंत्र उघडून पडलंय, तरी आधी हे. एकदाच ओढून बघितली. गाईंनी माना वर केल्या. आज चर्चबाहेर बर्ट म्हणाला, त्याला ऐकू आली. त्याला! व्हीडाने निरोप धाडला की वारा बरोबर असेल तर टेनमाईललाही येईल, आणि एप्रिलमध्ये ती स्वतः ऐकायला येणार आहे, केक घेऊन. आता पुढचं तू बघ.

आणखी एक. लोलक ज्या कागदात गुंडाळला होतास तो मी चुलीत घालणार होते, सुरकुत्या काढून बघितला तर आपल्याच तालुक्याचा पेपर. जुलैचा, फुटबॉलचं पान. म्हणजे मी इकडे हंगामभर तुला हरलो-जिंकलो कळवत बसले, आणि तू तिकडे दर आठवड्याला पोस्टाने सगळं वाचत होतास! पानाच्या मधोमध एक चौकोनी भोक आहे. कात्रीने कापलेलं, कडा अगदी सरळ. भोकाखाली एकच ओळ उरली आहे: 'वॉरापूकच्या घंटेमागचा हात.'

मी ते पान क्लेमला दाखवलं. त्याने भोकातून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मी ते पान खरंच पाहिलं नव्हतं गं."

एप्रिलमध्ये येताना तो चौकोन घेऊन ये. आमच्या घरात त्याची दुसरी प्रत नाही.

तुझी
डल्सी